इतवारीत मिळालेला दिलरुबा: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

जुन्या सामानाच्या दुकानात धूळ खात पडलेलं, चामड्याच्या पोटाचं, अंगभर खुंट्या असलेलं वाद्य दिसलं की दुकानदार त्याला हमखास सारंगी म्हणतो. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या ज्या दुकानात मला माझा दिलरुबा मिळाला, तिथला भाऊही तेच म्हणाला. "काय पाहून राह्यले जी? सारंगी हाये. घेऊन टाका, भिंतीले लावाले मस्त दिसते."

सारंगीला पडदे नसतात. दिलरुब्याच्या लांब दांडीवर सतारीसारखे धातूचे बाकदार पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, साधारण 18 ते 20, आणि तरीही तो गजाने वाजतो. पोट चौकोनी, कमरेत आत गेलेलं. पोट लहान आणि गोलसर असेल तर तो इसराज. पोटाच्या टोकाला मोराची मान असेल तर ताऊस, आणि तो दिसला तर दुकानदाराला चेहऱ्यावरून काही कळू देऊ नका.

एकेकाळी पेटी (हार्मोनियम) नसलेल्या बैठकीत दिलरुबा गळ्यामागे सूर धरायचा. आज विदर्भात तो ऐकायचा तर एखाद्या गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनातच जास्त शक्यता. म्हणून शिकवणारे कमी, दुरुस्त करणारे त्याहून कमी, आणि जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून भंगारात जाणारे दिलरुबे मात्र आहेत. तुमच्या हाती असा एक लागला तर काय करायचं, ते मी करून, बिघडवून, परत करून शिकलोय तसं सांगतो.

दुकानातली पाच मिनिटं

दांडीच्या टोकाकडून एक डोळा मिटून घोडीच्या, म्हणजे पोटावर तारा जिच्यावर टेकतात तिच्या, दिशेने बघा. दांडी किंचित पुढे झुकलेली असेल तर चालतं. पिळलेली असेल, म्हणजे एक कड वर आणि दुसरी खाली गेली असेल, तर घेऊ नका. पिळलेलं लाकूड घरी सरळ होत नाही. मग दांडी आणि पोट जुळतात तिथून नख फिरवा. नख अडकलं तर सांधा सुटलाय, हे जुळवता येतं. दांडीच मधून मोडून कुणीतरी खिळा मारून जोडली असेल तर नमस्कार करून निघा.

नंतर वाद्य पांढऱ्या कागदावर धरून बोटांनी टकटक करा. पिवळसर पीठ गळलं तर घुण लागलाय. थोडा असेल तर इलाज आहे. बोटाने दाबल्यावर लाकूड आत जात असेल तर नाही.

कातडं फाटलंय, तारा गंजल्यात, पडदे लोंबतायत, घोडी गायब आहे, याने घाबरू नका. हे सगळं नवं मिळतं, मिळत नाही ते जुनं वाळलेलं लाकूड. बाकीच्या उणिवा भाव पाडायच्या कामी येतात. मला 2,500 सांगितले होते. गज नाही म्हणून 1,800 ला सुटला. गज नंतर त्याच दुकानात मोडक्या छत्र्यांच्या ढिगात सापडला, त्याचे भाऊने वर 50 घेतले.

दांडीवर पांढरी नक्षी असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. दुकानदार "असली हस्तिदंत" म्हणून फुशारकी मारत असेल तर सौदाच सोडा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताची खरेदी-विक्री चालत नाही, वाद्य कितीही जुनं असो. बहुतेक वेळा ते हाड किंवा सेल्युलॉइड निघतं. आणि सेल्युलॉइड भडकन पेटतं. खरं-खोटं करायला काडी ओढून लावणारे महाभाग मी पाहिलेत. तुम्ही त्यातले होऊ नका, डाग देण्याचं तापलेलं यंत्रही त्याच्याजवळ नेऊ नका.

काम कधी काढायचं

बाहेरगावच्या माणसाने लिहिलेल्या कुठल्याही सल्ल्यात हे सापडणार नाही, पण नागपुरात निम्मी दुरुस्ती पंचांग बघून होते. मे महिन्यात पारा 45 च्या वर, हवा कोरडीठक्क. लाकूड आकसतं, खुंट्या सैल होतात, जुना सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद) तडकतो. जुलै-ऑगस्टमध्ये तेच लाकूड फुगतं, खुंट्या जाम होतात आणि कातडं पापड सादळावा तसं ढिलं पडतं. मारबत (पोळ्यानंतरची नागपूरची मिरवणूक) निघून गेली, दसरा झाला की काम काढा आणि होळीच्या आत संपवा. मधले चार-पाच महिने हवा समजूतदार असते.

मी पहिल्यांदा हे ऐकलं नाही. भर मे महिन्यात उत्साहाने नवं कातडं चढवलं आणि वाद्य हॉलमध्ये ठेवलं. रात्रभर कूलर चालू, त्यामुळे कातडं दमट आणि सैल. दुपारी लाइट गेली, कूलर बंद, खोली तापली. तीनच्या सुमाराला फट्ट असा आवाज झाला. बायकोला वाटलं ट्यूबलाइट गेली. जाऊन पाहतो तर कातड्याने एका बाजूची अख्खी कड सरसासकट उपटून काढली होती, लाकडाची ढलपीही सोबत.

पहिला आठवडा: हात बांधून

घरी आणल्यावर तारा काढायची घाई करू नका. आधी फोटो काढा, भरपूर. प्रत्येक पडदा कुठे आहे, कुठली तार कुठल्या खुंटीला, घोडीच्या कुठल्या भोकातून कुठली तरफ, म्हणजे मुख्य तारांच्या नादाने आपोआप झंकारणारी तार, जाते. तारा सुतार खोलतो तशा एकदम कापू नका, एकेक सैल करत सोडा. जुन्या तारेचा प्रत्येकी वीतभर तुकडा कागदावर चिकटपट्टीने लावून बाजूला नंबर लिहा. पुढे तारा घ्यायला हाच कागद घेऊन जायचंय.

पडद्यांच्या जागा खुणावताना दांडीवर पेन्सिल चालवू नका. रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी दांडीच्या कडेने लावा आणि खुणा तिच्यावर करा. दोन दिवसांत पट्टी काढून वहीत डकवा, नाहीतर पॉलिश सोबत घेऊन येते.

साफसफाई मऊ ब्रशने आणि जेमतेम ओलसर फडक्याने. खोबरेल लावू नका, फर्निचरचं चकचकीत पॉलिश तर नकोच. घासकागदापासून लांब राहा. एका ओळखीच्या घरचा इसराज सुताराने "नवा करून देतो" म्हणत पार घासून वर टच-वूडसारखा जाड थर दिला होता. दिसायला डायनिंग टेबल, आवाजही तसाच. जुन्या वाद्यावर लाखेचं पातळ पॉलिश असतं, ते मळलं तरी राहू द्या.

घुणाची भोकं असतील तर घुणावरचं तेलकट औषध इंजेक्शनच्या सुईने एकेका भोकात सोडा, कातड्याला लागू देऊ नका आणि पंधरा दिवस खिडकीजवळ उघडं ठेवा. मग पुन्हा पांढऱ्या कागदाची परीक्षा.

सांधे आणि सरस

सुटलेला सांधा जोडायला सरस वापरा. फेविकॉल घरात असतो, हात तिकडेच जातो, मला माहीत आहे. पण सरसाला ऊब आणि ओल दिली की तो सुटतो, पांढरा गोंद असा सहज सुटत नाही. तुमच्यानंतर हे वाद्य पुन्हा कुणीतरी उघडणार आहे, बहुधा तुम्हीच.

सरसाचे खडे रात्रभर थंड पाण्यात भिजवा, जेली झाली की वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून विरघळवा. थेट गॅसवर नको. सरस उकळला की त्याचा जोर जातो, पाणी बोटाला चटका बसेल इतपत गरम पुरे. वास येतो, घरचे बोलतात. काम गॅलरीत करा. सांध्याच्या दोन्ही बाजू कोमट करून सरस लावा, जुळवा, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा आणि एक दिवस विसरून जा.

कातडं

हे सगळ्यात मोठं काम, आणि खरं सांगायचं तर पहिल्या वेळी एकट्याने करू नये. आपल्याकडे दिलरुबावाले नाहीत, पण तबल्याला पुडी चढवणारे आहेत, आणि कातडं हाताळणारा हात तोच. मी ज्यांच्याकडे गेलो ते काका आधी नाहीच म्हणाले. मग वाद्य उलटंपालटं करून पाहिलं, पोटावर टिचकी मारली आणि म्हणाले, "मेलेलं कातडं हाये भाऊ. पण पोटाची पेटी चांगली हाये. तुम्ही बसा, मी सांगतो, करा तुम्हीच."

जुनं कातडं सुरीने खरवडू नका. कडेवर कोमट ओलं फडकं अर्धा तास ठेवा, सरस मऊ होतो, मग बोथट पट्टीने हळूहळू उचला. काढलेलं कातडं फेकू नका, मापाला लागतं. आत डोकवा. कागदाची चिठ्ठी, बनवणाऱ्याचं नाव, काहीही असेल तर तसंच ठेवा. माझ्या पेटीत एक घडी घातलेला कागद निघाला. उघडला तर शाईने लिहिलेला हिशेब: तारा, राळ, टांगाभाडं. खडखड थांबवायला कुणीतरी तो सांध्यात कोंबला असणार. मी घडी घालून परत जिथल्या तिथे ठेवला.

नवं कातडं बकरीचं, कच्चं घ्या. चपलेसाठी कमावलेलं चामडं इथे उपयोगाचं नाही. उजेडात धरून पाहा, एकसारखं दिसलं पाहिजे, पातळ डाग असेल तर तो भाग घोडीखाली येऊ देऊ नका. साध्या पाण्यात तीन-चार तास भिजवा. ओल्या हातरुमालासारखं लुळं पडलं की तयार.

पेटीच्या कडेवर गरम सरस लावा, कातडं पसरवा, आणि ओढताना समोरासमोरच्या बाजू घ्या: डावी थोडी, उजवी थोडी, वरची, खालची. एकीकडून सरकत गेलात तर सुरकुती शेवटी कोपऱ्यात जमते आणि तिथून काढता येत नाही. नवशिक्याची हमखास चूक म्हणजे ओलं असतानाच ढोलासारखं ताणणं. वाळताना कातडं स्वतःच आकसतं. ओलं असताना अंगठ्याने दाबलं तर थोडं खाली गेलं पाहिजे. मी एकदा ओढलं तेव्हा काकांनी न बोलता माझा हात बाजूला केला आणि निम्मी ओढ सोडून दिली.

कडेला सुती दोरीने घट्ट गुंडाळा. जुन्या खिळ्यांची भोकं असतील तर पितळी बारीक खिळे त्याच भोकांत, नवी भोकं पाडू नका. जुन्या कातड्यावर घोडीखाली चामड्याची आडवी पट्टी असेल तर तशीच नवीही लावा, घोडीचा भार तिच्यावर असतो. मग सावलीत ठेवा. ऊन नको, पंखाही नको, हेअर ड्रायर तर मनातही आणू नका. हिवाळ्यात तीन दिवस. दोन दिवस टिचकीला थप्प आवाज येतो, तिसऱ्या दिवशी टण्ण. तो ऐकल्यावरच जादा कड कापा.

खुंट्या

माझ्यात तरफेच्या 14 खुंट्या होत्या, त्यातल्या तीन नव्हत्या आणि एक पेन्सिलीचा तुकडा होता. नवीन खुंट्या शिसवीच्या करून घ्या. लकडगंजात आरा मशिनींकडे तुकडे मिळतात आणि खरादी काम करणारा एखादा माणूस जुनी खुंटी नमुना म्हणून दिली की तशी उतरवून देतो. मात्र त्याला हे बजावून सांगा की खुंटी टोकाकडे निमुळती होत जाते, सरळ दांडा नको. थोडी जाड आणा, भोकात बसवून फिरवा, चकाकलेल्या जागी घासा, पुन्हा बसवा. खुंटी दोन्ही बाजूंनी टेकली पाहिजे.

घसरणाऱ्या खुंटीला फळ्यावरचा खडू, अडणाऱ्या खुंटीला कोरडा साबण, थेंबभरही तेल नाही. पावसाळ्यात जाम झालेली खुंटी पक्कड लावून फिरवू नका, मोडते आणि निम्मी आतच राहते. कोरड्या खोलीत दोन दिवस ठेवा, ती आपण होऊन सैल होते.

पडदे बांधणं

हे काम मला सगळ्यात आवडतं. एका संध्याकाळी तीन-चार पडद्यांपेक्षा जास्त बांधू नका, बोटं कापतात. प्रत्येक पडद्याच्या दोन्ही टोकांना खाच असते. मेण लावलेला मजबूत सुती दोरा किंवा बारीक तंगूस घ्या. डाव्या खाचेत फास, दांडीच्या पोटाखालून उजव्या खाचेत, वळसा घालून परत डावीकडे, असे चार फेरे, एकमेकांशेजारी, एकावर एक नाहीत. गाठ कडेला, बोट फिरतं त्याच्या विरुद्ध बाजूला. पडदा जोर लावल्यावर सरकला पाहिजे, वाजवताना नाही.

जुन्या खुणा वहीत आहेत म्हणून त्या बरोबरच आहेत असं नाही, आधीच्या मालकाने पडदे कुठेही सरकवलेले असू शकतात. पडताळायला साधा हिशेब आहे. बाजाची, म्हणजे वाजवायची मुख्य, तार मोकळी मंद्र मध्यमात लावतात. घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत, जिथे तार टेकते तिथपर्यंत, लांबी मोजा. समजा 66 सेंटिमीटर. घोडीपासून दोन तृतीयांशावर षड्ज, म्हणजे 44 सेंटिमीटर. बरोबर निम्म्यावर, 33 वर, मधला मध्यम. एक तृतीयांशावर, 22 वर, तार षड्ज. हे तीन आधी पक्के करा. मग मंद्र पंचम 58.7, धैवत 52.8, निषाद 46.9, मधला रिषभ 39.1, गंधार 35.2, पंचम 29.3. कोमल स्वरांचे पडदे त्यांच्यामध्ये कानाने. बोट दाबल्यावर तार थोडी ताणली जाते आणि स्वर चढतो, त्यामुळे शेवटी प्रत्येक पडदा केसभर खुंट्यांच्या दिशेने सरकवावा लागतो. फूटपट्टी इथे संपते, पुढे तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून कान.

तीन-तीन पडद्यांवर स्टीलची लहान पट्टी आडवी ठेवून पाहा. मधला उंच असला तर पट्टी डुगडुगते आणि त्याच्या अलीकडच्या पडद्यावर तार चरचरते.

तारा आणि घोडी

तारांचा नंबर जितका मोठा तितकी तार बारीक, हे नवख्याला उलटं वाटतं. 30 नंबर म्हणजे साधारण 0.31 मिलिमीटर, 34 नंबर 0.23. आपला तुकड्यांचा कागद न्या, दुकानदाराला मोजून द्यायला लावा. सतारीच्या तारा मिळतात त्या दुकानातच जमून जातं. माझ्या दिलरुब्याला बाजाची 30 नंबरची पोलादी, तरफेला 34.

घोडीला तरफेसाठी भोकं असतात. जुनी घोडी नसेल तर मिरजेहून मागवणं बरं. पाय कातड्यावर सपाट टेकले पाहिजेत. आधी बाजाची आणि जोडीची, दोनच तारा चढवा, त्याही हव्या त्या सुरापेक्षा दोन स्वर खाली. आठ दिवस थांबा. या दिवसांत कातडं दबतं, घोडी खाली जाते. रोज सकाळी घोडी सरळ उभी आहे ना बघा, पुढे कलली असेल तर तार सैल करून बोटाने मागे आणा. नंतर उरलेल्या मुख्य तारा, शेवटी तरफा, रागाच्या स्वरांत ओळीने.

गजाचे केस टोकाशी कातरल्यासारखे तुटले असतील तर किडीने खाल्लेत. वाद्य ठेवायची पेटी रिकामी करून उन्हात ठेवा. केस व्हायोलिनचे चालतात, व्हायोलिनचा गज भरणारा माणूस हाही भरून देतो. राळ नव्या केसांवर खूप घासावी लागते, पहिले दहा मिनिटं काहीच आवाज निघाला नाही तर वाद्याला दोष देऊ नका.

उन्हाळा

मार्च संपताना सगळ्या तारा एक-दीड स्वर उतरवा. कूलरच्या झोतात ठेवू नका आणि कूलर नसलेल्या गच्चीखालच्या खोलीतही नको. आतल्या भिंतीजवळ, पेटीत, 300 रुपयांचं आर्द्रतामापक घड्याळ शेजारी. काटा 30 टक्क्यांच्या खाली जायला लागला तर पेटीत ओलसर स्पंज साबणाच्या भोकाच्या डबीत घालून ठेवा, वाद्याला टेकू देऊ नका. आणि मे महिन्यात बंद गाडीत दहा मिनिटंही नाही. उन्हात उभ्या गाडीत 60 अंशांच्या पुढे जातं, म्हणजे तुम्ही सरस ज्या उष्णतेवर विरघळवला तेवढं.

मिरजेला कधी

दांडी पिळलेली, पेटीला आरपार भेग, घोडी-खुंट्या सगळंच नाहीसं, किंवा तुमचं मन धजत नाही, तर मिरज. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तंतुवाद्यं बनवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहेत. कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूर आणि मिरज दोन्हीकडे थांबते, त्यामुळे पार्सलपेक्षा स्वतः नेणं सोपं. वरच्या बर्थवर, भिंतीच्या बाजूला. तारा सैल करा, पण पूर्ण काढू नका. पडद्यांवर मऊ कापड, दांडीखाली गुंडाळलेली सतरंजी. आणि घोडी काढून रुमालात बांधून स्वतःच्या खिशात ठेवा, सगळ्यात आधी हरवते ती तीच.